वीतभर खोलीतला उजेड

बाहुलीघरातल्या खुर्चीवर कुणी बसत नाही, तिथल्या स्टोव्हवर चहा उकळत नाही, पिंपात पाणी नसतं. दिवा मात्र लागतो. बटण दाबलं की वीतभर खोली उजळते, पलंगाखाली सावली जमते, भिंतीतल्या खुंटीचीसुद्धा सावली पडते. मोठ्या घरातला दिवा जे काम करतो, तेच काम हा दिवा तितक्याच इमानाने करतो. म्हणून छोट्या घरांच्या साऱ्या कारागिरीत मला दिव्यांचं काम सर्वांत प्रिय आहे.

सध्या टेबलावर गिरगावातल्या जुन्या चाळीची एक खोली आहे. फुटाला इंच हे या छंदाचं जगभर रूढ असलेलं माप. म्हणजे दहा बाय बाराची खोली दहा इंच बाय बारा इंचात बसते. तिचा दिवा कसा असायला हवा, हे मला अगदी डोळ्यांपुढे दिसतं. छतातून लोंबणारी पीळदार वायर, टोकाला एकुलता पिवळा बल्ब आणि वर इनॅमलची पसरट टोपी, बाहेरून हिरवी, आतून पांढरी.

टोपीसाठी इमिटेशन दागिन्यांच्या सामानातली मण्याची टोपी घ्यायची. पुण्याच्या रविवार पेठेत ती वाटीने मिळते. नक्षी नसलेली तेवढी निवडून काढावी लागते. बल्बच्या जागी पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणलेला एलईडी, १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद. तो चिमट्यात धरला तर उडून जातो, म्हणून दुहेरी चिकटपट्टीवर पालथा ठेवायचा. वायर म्हणजे मोटारीच्या गुंडाळ्यांत असते ती लाखेचा थर दिलेली तांब्याची तार, ०.२ मिलिमीटरची. बारापट केली तर ती २.४ मिलिमीटर होते आणि जुन्या सुती वेष्टणाच्या वायरीच्या एकेका पेडाशी साधारण जुळते. दोन तारांना पीळ दिला की चाळीतली वायर तयार. टोकांवरची लाख ब्लेडने खरवडायची, त्यांना आधी कथील पाजायचं आणि मग सोल्डरिंगची सळई एलईडीच्या कडेला फक्त टेकवायची. क्षणभरच, जास्त वेळ टेकली तर दिवा जळतो. तीन व्होल्टच्या बटण सेलला तारा लावून तो पेटलेला पाहिला की मगच पुढचं काम.

घर बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतं. एलईडीला लागतात सुमारे तीन. उरलेले नऊ व्होल्ट अडवायला १००० ओहमचा रोधक घातला की नऊ मिलिअँपिअर वाहतात. एलईडी येण्याआधी हौशी लोक गव्हाच्या दाण्याएवढे तारेचे बल्ब वापरत. ते तापत आणि जात, म्हणून बदलता येतील असेच बसवावे लागत. त्यांचा उजेड मात्र गोड होता.

किती उजेड हवा, याचं गणित मला फार सुंदर वाटतं. लांबी बारापट घटली की भिंतींचं क्षेत्रफळ १४४ पट घटतं. तेव्हा भिंतींवर तेवढीच झळाळी यायला १४४वा हिस्सा उजेड पुरतो. चाळीस वॅटचा तारेचा बल्ब साधारण ४०० ल्युमेन देतो. छोट्या खोलीला तीनसुद्धा भरपूर. एवढ्याशा एलईडीकडे तेवढं बळ असतं. वस्तू लहान करताना कुठे ना कुठे तडजोड करावीच लागते. कापड जाड दिसतं, लाकडाच्या रेषा मोठ्या राहतात. उजेड मात्र आपल्या मापाला बिनतक्रार येतो.

वास्तुकार एडविन लटयन्स याला हे पुरतं उमगलं असावं. त्याने आखलेली नवी दिल्ली उभी राहत होती त्याच काळात, १९२१ ते १९२४, त्याने ब्रिटनच्या राणी मेरीसाठी याच मापाचं बाहुलीघर रचलं. विंडसरच्या किल्ल्यात ते आजही पाहता येतं. त्यात वीज आहे, लिफ्ट आहे, नळांना पाणी आहे. राजवाड्याची श्रीमंती मला तिथे तितकी खेचत नाही. दिवे खरे लागावेत हा त्याचा हट्ट खेचतो.

रंगाच्या बाबतीत मीही हट्टी आहे. ट्यूबलाइटसारखा पांढरा एलईडी जुन्या खोलीत बसवला की तिचं वय एकदम हरवतं. २७०० केल्विनच्या आसपासचा पिवळसर एलईडी घ्यावा; नाही मिळाला तर नारिंगी काचरंगाचा पातळ हात द्यावा. आणि एका खोलीला विजेचा एकच दिवा. सहा दिवे लावून खोली दुकानाच्या शोकेससारखी झगझगीत करणं मला पटत नाही. चाळीत मोरीचा कोपरा अंधारा असायचा, माळ्यावरच्या ट्रंकांची फक्त कड दिसायची. तो अंधारसुद्धा मापात आला पाहिजे.

आता देवघरातली समई उरली आहे. दोन फुटी समई म्हणजे दोन इंच, आणि पाच वातींसाठी पाच एलईडी तारांसकट तिच्या ताटलीत लपणार नाहीत. त्यावर उपाय ऑप्टिकल फायबरचा. एकच एलईडी चौरंगाखाली दडवायचा आणि अर्ध्या मिलिमीटरचे पाच तंतू समईच्या पोकळ खांबातून वर न्यायचे. तापलेली सळई तंतूच्या टोकाजवळ धरली की टोक फुगून मोहरीहून लहान बोंड येतं. बारापटीने ते सेंटिमीटरभर होतं, वातीच्या ज्योतीएवढं. पाच तंतूंच्या जुडीला १.३५ मिलिमीटर जागा लागते. पितळी नळी आतून दीड मिलिमीटरची आणली आहे. तिला गळ्याशी आकार देताना ती आत चेपली नाही, तर तंतू जातील.