नक्षी शाबूत, पण मुदत सरलेली

यवतमाळ,
वैशाख शुद्ध सप्तमी

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. सुटीत घरी येऊन आईवडिलांस समृद्धी महामार्गाने शिर्डीस नेण्याचा तुझा बेत वाचून संतोष वाटला. परंतु ‘गाडी धावलीच कुठे, टायरांची नक्षी तर शाबूत आहे, मग ते बदलण्याचा हा खर्च कशास?’ असा जो प्रश्न तू जाता जाता टाकला आहेस, त्याचे उत्तर एका ओळीत उरकण्याजोगे नाही.

कायद्याची बाजू सोपी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९४ व्या नियमान्वये मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. ती मोजावयास कोणतेही उपकरण नको. टायरच्या कडेवर ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे किंवा लहानसा त्रिकोण असतो; त्याच्या रेषेत, खाचेच्या तळाशी, रबराचा एक आडवा उंचवटा ठेवलेला असतो, आणि झिजत झिजत नक्षी त्याच्या पातळीस आली की टायराची मुदत सरली असे समजावे. खाचांचे काम रस्त्यावरचे पाणी बाहेर फेकण्याचे असल्यामुळे, मृग लागण्यापूर्वी मी तरी त्या उंचवट्याची वाट पाहत बसणार नाही.

तथापि भाऊजींच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, गाडीचा मामला निराळाच आहे. ती कधी कळंबला चिंतामणीच्या दर्शनास, कधी लग्नकार्यानिमित्त पुसदला किंवा वणीला जाते, आणि उरलेले दिवस अंगणात उन्हात उभी असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. ऊन आणि हवेतील ओझोन यांपासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात. चाक फिरून रबर दबत-उलगडत राहिले की ती पृष्ठभागावर अधिक येतात, आणि म्हणूनच नित्य धावणाऱ्या गाडीचे टायर झिजतात, तर उभ्या गाडीचे वाळतात. केवळ खोलीचे माप पाहिले तर असा वाळलेला टायर तपासणीत निर्वेध सुटतो.

काल सकाळी ऊन चढण्यापूर्वी, बॅटरी घेऊन, मी गाडीची पाहणी केली. निर्मितीचा आकडा बहुधा एकाच अंगास पूर्ण छापलेला असतो. येथे तो नेमका आतल्या अंगास असल्याने सुकाणू पुरते वळवून वाकावे लागले. आकडा निघाला ३११७, म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी खरोखरच उत्तम. पण खाचांच्या तळाशी आणि कडेवर, अंगठ्याने दाबताच तोंड उघडणाऱ्या बारीक भेगांचे जाळे पसरलेले. पुढच्या डाव्या टायरास लिंबाएवढा फुगा आलेला. कोळशाच्या ट्रकांनी खणून काढलेल्या वणीकडच्या रस्त्यावरील एखाद्या खड्ड्याचा हा प्रसाद असावा. फुगा म्हणजे आतील दोरे तुटल्याची कबुली. तिथे दुरुस्तीची भाषा व्यर्थ. (एके काळी हे दोरे कापसाचे असत. आपल्या वऱ्हाडी आखूड धाग्याचा त्यात फारसा पाड लागला नसता, हेही नमूद करतो, नाहीतर तू उगाच अभिमान बाळगशील.) अनेक मोटार-उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलावयास सांगतात, आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी अनेक टायर-उत्पादक दहा वर्षे ही कमाल मर्यादा समजतात. आपल्या उन्हात मी पहिलाच आकडा धरीन.

तुझ्या आईने समृद्धीवरील अपघातांच्या बातम्या वाचून धास्ती घेतली आहे. तिला इतकेच सांग की प्रत्येक आरोप टायराच्या माथी मारणे रास्त नव्हे: १ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजाजवळ २५ प्रवाशांचा बळी घेणाऱ्या बसच्या अपघातात चालकाने टायर फुटल्याचे सांगितले, परंतु अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात तसा पुरावा आढळला नाही. मात्र ताशी १२० किलोमीटरांची मुभा असलेल्या त्या रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना टायर तापत जातो. हवा कमी असेल तर कडा अधिक दबतात, अधिक तापतात, आणि वाळलेले रबर तिथेच दगा देते. सबब हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील तक्त्याबरहुकूम भरावी; वाटेत तापलेल्या टायरातील वाढलेली हवा ‘जास्त झाली’ म्हणून काढण्याचा उद्योग करू नये.

तेव्हा चारही टायर बदलावयाचे, हे मी भाऊजींशी बोलून ठरविले आहे. दुकानदारास, बसविण्यापूर्वी निर्मितीचा आकडा दाखव, अशी ताकीद दिली आहे, कारण गोदामात वर्षानुवर्षे पडलेला मालही ‘नवा’ म्हणूनच विकला जातो. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच वेळी उरकून घेऊ. जुन्यांपैकी बरा दिसणारा एक स्टेपनीला ठेवावा, असे भाऊजींचे म्हणणे पडले. ते मी मान्य केलेले नाही. डिकीतील स्टेपनीही त्याच सालची आहे, तेव्हा टायर चार नव्हे, पाच लागतील. पैसे तू पाठवावेस, हे भाऊजी तुला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितो.

कळावे.

तुझा,
मामा