तुम्ही इथेच बसा

नवरात्र संपत आलं की महाराष्ट्रातून फोन सुरू होतात. दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानची सहल ठरलेली असते, जयपूरला दोन रात्री मुक्काम असतो, आणि घरातल्या कुणाला तरी चालवत नसतं. कुणाच्या सासूबाईंचे गुडघे गेलेले, कुणाच्या वडिलांना अर्धांगवायू झालेला, कुणाच्या भाच्याची अपघातानंतर कमरेखालची संवेदना गेलेली. मी जयपुरात सोडाल्याला राहते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. चाकाची खुर्ची माणसाच्या मापानं बेतून देणं, ती चालवायला शिकवणं आणि सार्वजनिक जागा तपासून ती कुठे अडेल ते तिथल्या लोकांना लिहून देणं, हे माझं काम. ‘चाकाची खुर्ची’ म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं पुस्तक आठवतं. फोन करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते वाचलेलंही असतं, तरी पहिला प्रश्न हटकून तोच: “तिथे रॅम्प आहे का?”

रॅम्प बहुतेक ठिकाणी असतो. तो कसा आहे, हे विचारायला हवं. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे साधं माप. त्याहून तीव्र उतारावर ढकलणाऱ्याचा दम जातो आणि उतरताना खुर्ची हातातून सुटू पाहते. (उतरताना खुर्ची उलटी फिरवून, आपली पाठ उताराकडे ठेवून हळूहळू मागे यायचं. सरळ उतरवली आणि पुढची छोटी चाकं फटीत अडकली की बसलेला माणूस थेट जमिनीवर.) पण रॅम्पचा प्रश्न मिनिटभराचा. करमणुकीच्या बागेत, किल्ल्यात, जत्रेत दिवस जातो तो दोन ठिकाणांच्या मधल्या गर्दीत, रांगेत आणि स्वच्छतागृहाच्या शोधात. शेवटी कंटाळून घरातलंच कुणीतरी म्हणतं, “आई, तुम्ही इथेच बसा, आम्ही पटकन बघून येतो.” मग आईच्या मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, नातवाची टोपी. तिकीट तिचंही पूर्ण काढलेलं असतं. एखादी जागा खुर्चीवरच्या माणसाला चालते की नाही, हे मी अलीकडे यावरूनच ठरवते: दिवसभरात हे वाक्य किती वेळा म्हणावं लागलं?

आधी खुर्चीबद्दल. सहलीसाठी घरातली किंवा भाड्यानं आणलेली जी घडीची खुर्ची येते, ती दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर रुग्णाला इकडून तिकडे न्यायला केलेली असते. पुढची चाकं लहान आणि कडक, बसायला झोळीसारखं रेक्झीन. मातीवर ती चाकं रुततात. जयपूरजवळची टोंक रोडवरची चोखी ढाणी म्हणजे आपल्या इकडची गावाच्या थीमची बाग. गावाचा थाट राखायचा तर पायाखाली फरशी कशी असणार? अशा जमिनीवर खुर्ची मागे कलती करून पुढची चाकं उचलायची आणि फक्त मोठ्या चाकांवर न्यायची. हे घराच्या अंगणात आधी करून बघावं, बाहेर गर्दीत पहिल्यांदा नव्हे.

परदेशी बागांत भाड्यानं मिळते तशी बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर आपल्याकडे क्वचितच दिसते. आपल्याकडचा दिव्यांग स्वार बाजूला दोन जादा चाकं लावलेली अॅक्टिव्हा चालवतो. रस्त्यावर ती उत्तम, पण बागेच्या फाटकाशी ते ‘वाहन’ ठरतं आणि पार्किंगमध्ये अडवलं जातं. तिथून पुढे माणूस पाय नसल्यासारखाच. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनची जोडणी मला यासाठी आवडते. खुर्चीला पुढून मोटरचं चाक लावून रस्ता कापायचा, फाटकाशी ते सोडवायचं आणि खुर्ची आत न्यायची. अस्सल मोबिलिटी स्कूटर आणणारे अनिवासी पाहुणेही भेटतात. त्यांना एकच सांगते, वेगाचं बटण कासवाच्या चित्रावर ठेवा. स्कूटरला वळायला खुर्चीपेक्षा जास्त जागा लागते आणि तिचं पुढचं टोक पुढच्या माणसाच्या घोट्यामागच्या शिरेला नेमकं लागतं.

आता गर्दी. खुर्चीत बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर असतात. त्या उंचीवरून बाग दिसत नाही. दिसतात कंबरा, पर्सेस, पाठीवरच्या सॅक आणि हातात तिरपी धरलेली आइस्क्रीमं. आणि उभ्या गर्दीला खुर्ची दिसत नाही. चालताना आपण समोरच्यांच्या खांद्या-डोक्यांमधली मोकळी जागा हेरून तिथे शिरतो. खुर्चीच्या पुढची जागा अशीच मोकळी वाटते, म्हणून लोक नेमके तिथे घुसतात आणि पावलं ठेवायच्या पट्टीला अडखळतात. शिव्या खायला मात्र खुर्चीवाला.

यावर माझा उपाय असा की ढकलणाऱ्याखेरीज घरातला एक उंच माणूस खुर्चीच्या दोन पावलं पुढे चालवायचा. त्याला पाहून गर्दी फाकते आणि मागोमाग खुर्ची जाते. त्यानं मोबाइल बघायचा नाही आणि एकदम थांबायचं तर मुळीच नाही. मधोमध न चालता एका कडेला राहायचं, पण दुकानांच्या कडेला नको, कारण दुकानाशी लोक अचानक वळतात. “साइड दीजिए भाईसाहब” हे बसलेल्या माणसानं स्वतः म्हणावं, खणखणीत. मागून ढकलणाऱ्यानं म्हटलं की लोक वळून ढकलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, खाली बघतच नाहीत.

रांगेचं गणित निराळं. झुल्यांसमोर नागमोडी कठडे लावलेले असतात. सरळ पट्ट्यात खुर्ची जाते, तिची रुंदी पासष्ट सेंटिमीटरच्या आसपास. अडते ती वळणावर. पूर्ण फिरायला दीड मीटरची जागा लागते आणि कठडे लावणाऱ्यानं ती दिलेली नसते. मग खुर्चीवाल्याला बाहेर जायच्या दारानं आत घेतात. कामापुरतं ते ठीक आहे. पण तिथे पुष्कळदा दोन तरुण कर्मचारी पुढे येतात आणि प्रेमानं आजोबांना काखेत हात घालून उचलतात. अर्धांगवायूनंतर लुळ्या पडलेल्या खांद्याचा सांधा नुसत्या स्नायूंच्या ढिलाईनंही निखळायला आलेला असतो. तो हात धरून ओढला तर दुखणं महिनोन् महिने पुरतं. उचलायला येणाऱ्याला आधी थांबवा, कुठून धरायचं ते सांगा, मगच हात लावू द्या. यात संकोच नको.

रांग टाळण्याच्या सवलतीचं काय होतं ते अमेरिकेत दिसलं. डिस्नेच्या बागांत पूर्वी दिव्यांग पाहुण्यांना एक कार्ड मिळे. धडधाकट श्रीमंत लोक दिव्यांग ‘वाटाडे’ भाड्यानं घेऊन रांगा चुकवतात अशा बातम्या आल्या आणि २०१३ मध्ये पद्धत बदलली: परत यायची वेळ घ्या, रांगेइतकाच वेळ थांबा, पण सावलीत, बसून. २०२४ मध्ये ती सोय मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अवस्थांपुरती ठेवली आणि चाकाच्या खुर्चीतल्यांनी सर्वांच्याच रांगेतून यावं असं ठरलं, कारण तिथल्या बहुतेक रांगा आता खुर्ची जाईल इतक्या रुंद आहेत. तिथे यावर पुष्कळ नाराजी झाली. मला विचाराल तर रुंद रांग कधीही बरी. कुटुंबाबरोबर, इतरांसारखंच कंटाळत उभं (म्हणजे बसून) राहायला मिळतं. पण रांग रुंद न करता नुसती सवलत काढणारा कुणी आपल्याकडे निघाला, तर त्याच्याशी मी भांडेन.

झुल्यात बसायचं की नाही, हा प्रश्न मात्र हौसेवर सोडता येत नाही. चालता झुला वीज गेली म्हणून उंचावर थांबला तर माणसांना शिडीनं किंवा अरुंद जिन्यानं उतरवतात. म्हणूनच ‘स्वतः उतरता यायला हवं’ अशी अट असते, आणि ती दर वेळी भेदभावाची नसते. दुसरी गोष्ट सुरक्षेच्या दांड्याची. तो मांड्यांवर टेकून माणसाला धरून ठेवतो, म्हणजे त्याला मांड्या हव्यात. २०११ च्या जुलैत न्यू यॉर्क राज्यातल्या डॅरियन लेक बागेत, इराकमध्ये दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक रोलर कोस्टरमधून फेकला जाऊन मरण पावला. जयपुरात ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. १९६८ मध्ये सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला. डी. आर. मेहतांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीनं तो जगभर नेला. त्या पायानं माणूस शेतात राबतो, झाडावर चढतो, उकिडवा बसतो. त्यामुळे आपल्याला काहीही जमेल असा त्याचा विश्वास असतो, आणि तो रास्तही आहे. पण उलटं फिरवणाऱ्या झुल्यात पट्ट्यानं बांधलेला पाय निसटून खालच्या गर्दीत पडू शकतो. पाय काढून ठेवावा तर दांड्याचा आधार कमी होतो. गुडघ्याखाली कापलेल्या पायाची आणि मांडीतून कापलेल्या पायाची गोष्ट वेगळी. झुला चालवणाऱ्याला हा फरक ठाऊक असेल असं गृहीत धरू नका.

मज्जारज्जूला छातीच्या मध्यावर किंवा वर इजा झालेल्यांना इजेखालच्या भागाला नीट घाम येत नाही. ऑक्टोबरच्या दुपारीही जयपूरचं ऊन त्यांना बाधतं आणि ते जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. पाण्याचा फवारा आणि ओला पंचा जवळ हवाच. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन किंवा पुढे वाकून बूड हलकं करायचं. रांगेत हे हमखास विसरलं जातं आणि परतल्यावर कातडीवर लाल डाग दिसतो. चार ते सहा तासांनी कॅथेटर लावणाऱ्याला स्वच्छ, आतून बंद होणारी जागा लागते. स्वच्छतागृह आहे का असं विचारू नका. दार किती रुंद आहे, ते बाहेर उघडतं का, आणि आत्ता त्यात झाडू-बादल्या ठेवल्यात का, हे विचारा. शेवटचा प्रश्न थट्टेचा वाटेल, पण सर्वांत उपयोगाचा तोच.

आणि आमचं जुनं जयपूर? सोडाल्याला लागून असलेल्या राम नगर स्थानकावर लिफ्टनं चढायचं आणि थेट बडी चौपडला उतरायचं. २०२० मध्ये मेट्रो तिथवर गेल्यापासून चौकातल्या वाहनांच्या रेट्यातून खुर्ची नेण्याची कटकट गेली. समोरच हवामहल. १७९९ ची ही पाच मजली इमारत. वरच्या मजल्यांवर जायला तिथे प्रामुख्यानं उतार आहेत, जिने नव्हेत. ऐकून लोक हरखतात, पण ते उतार अरुंद आहेत आणि सुट्टीत वरून माणसांचा लोंढा येत असतो. सकाळी उघडताच गेलात आणि ढकलणारा दणकट असला तरच विचार करा. आमेरच्या किल्ल्यातल्या अशाच उतारांबद्दल गाइड सांगतात की जड पोशाखातल्या राण्यांना चाकांच्या गाडीतून त्यांवरून फिरवत. खरं-खोटं गाइड जाणे, पण हे ऐकताना खुर्चीवरच्या आजींचा चेहरा खुलतो एवढं खरं.

माझी शिफारस जंतर मंतरची. आवार बरंचसं सपाट आहे. तिथलं मोठं सूर्यघड्याळ, सम्राट यंत्र, २७ मीटर उंच आहे आणि त्याच्या पायऱ्या आता कुणालाच चढू देत नाहीत, त्यामुळे सगळे पर्यटक खालीच. त्याची सावली कमानीवर सेकंदाला सुमारे मिलिमीटरभर सरकते. ती बघायला थांबावं लागतं, आणि थांबणं खुर्चीवाल्याला इतरांपेक्षा चांगलं जमतं. एरवी “चला, चला” करणारे जावई इथे गप्प होतात.

कायद्याचं सांगायचं तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ‘सार्वजनिक इमारत’ म्हणताना खासगी मालकीच्या करमणुकीच्या जागाही धरतो. नियम मात्र इतके सैल होते की पाळले नाहीत तरी चालून जाई. राजीव रतूडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो सैल नियम रद्द ठरवला आणि बंधनकारक किमान मानकं तीन महिन्यांत करायला केंद्राला सांगितलं. बागांचे मालक मला विचारतात, “असे लोक येतात तरी किती?” टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत २०१० पासून मॉर्गन्स वंडरलँड नावाची बाग आहे. तिथे झुले आणि वाटा दिव्यांगांना धरूनच आखलेल्या आहेत. तिच्या पाण्याच्या विभागात हवेच्या दाबावर चालणाऱ्या खुर्च्या देतात, कारण बॅटरी भिजून चालत नाही. तेवढं आज कुणाकडे मागत नाही. कठड्याचं एक वळण दीड मीटर करा, स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडा, आणि कचेरीतल्या चाकाच्या खुर्चीचे ब्रेक लागतात का ते महिन्यातून एकदा बघा, एवढंच लिहून देते.

आणि फोनवरच्या मंडळींना सांगते की सहलीतली एक गोष्ट खुर्चीवरच्या माणसानं निवडायची आणि त्या वेळी पिशव्या दुसऱ्या कुणीतरी सांभाळायच्या. परवा नाशिकच्या एका बाईंनी सासूबाईंनाच फोन दिला. त्यांना ना आमेर हवं होतं ना हवामहल. दिवाळीत जौहरी बाजार दिव्यांनी उजळतो म्हणतात, तो बघायचा आणि लाखेच्या बांगड्या स्वतः हातात भरून घ्यायच्या. संध्याकाळी सातच्या आत पोहोचा म्हटलं, नंतर माणसाला माणूस लागतो.