हक्क गोठले, तेव्हा कर्तव्ये आली

१/ १९५० साली अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेत मूलभूत हक्क होते; नागरिकांच्या कर्तव्यांची यादी नव्हती. ती आली १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, ऐन आणीबाणीत.

२/ त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी ठरवले होते, की आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. असहमत एकटे न्या. हंसराज खन्ना.

३/ ज्याचे गाऱ्हाणे ऐकायचे नाही, त्यालाच राज्यसंस्था कर्तव्ये सांगत होती.

४/ १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित केला. कर्तव्यांचे कलम ५१-क राहिले. स्वातंत्र्यलढ्याचे आदर्श जपणे हेही त्यातलेच एक कर्तव्य. आणि १९१९ चा रौलट सत्याग्रह विनाखटला कैदेविरुद्धच होता.