चावी माझ्याकडे असताना

आमच्या धर्मग्रामाची एक गाडी आहे. अकरा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, पाच माणसे कशीबशी मावतील अशी. रुग्णांच्या भेटी, दूरच्या पाड्यावरची मिस्सा, अडल्यानडल्या वेळी एखाद्या घरच्या माणसाला इस्पितळात पोहोचवणे, ही सारी कामे ती निमूटपणे करते. महिन्याकाठी तिची धाव ८०० किलोमीटरच्या आसपास आणि लिटरमागे १६ किलोमीटर हे तिचे ठरलेले ॲव्हरेज. या आकड्याकडे कधी लक्ष द्यावे लागले नाही, म्हणूनच तो माझ्या लक्षात राहिला होता.

२०२५ च्या ऑक्टोबरात अर्थसमितीची बैठक भरली. खर्चाचे कागद चाळता चाळता एक ज्येष्ठ सभासद थांबले. जूनपासून पेट्रोलचा खर्च महिन्याला सुमारे दीड हजार रुपयांनी वाढला होता. किलोमीटर मात्र तेवढेच होते. भागाकार केला, तर ॲव्हरेज साडेबारावर आले होते. क्षणभर कुणी बोलले नाही. मग त्यांनी चष्मा काढला आणि हळूच विचारले, “फादर, तो नवा मुलगा जूनपासूनच गाडी चालवतो ना?”

आरोप असा कुणी केला नाही. प्रश्नाला उत्तरही कुणी दिले नाही. त्या शांततेत जे बोलले गेले ते सर्वांना ऐकू आले, आणि त्या शांततेत मीही सामील होतो.

गोरेगावच्या सेमिनरीत असताना तर्कशास्त्राच्या तासाला आम्हांला एक दोष घोकून घ्यावा लागला होता: ‘पोस्ट हॉक, एर्गो प्रॉप्टर हॉक’. अमुक गोष्टीनंतर घडले, म्हणून अमुक गोष्टीमुळेच घडले, असे मानण्याचा हा दोष. परीक्षेत मी त्यावर चांगले गुण मिळवले होते. पण परीक्षेतला तर्क वेगळा आणि दीड हजार रुपयांचा तर्क वेगळा. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावले आणि म्हणालो, “पंधरा दिवस गाडी मीच चालवतो. तू जरा विश्रांती घे.” त्याने माझ्याकडे पाहिले, चावी टेबलावर ठेवली आणि काही न बोलता तो निघून गेला. तो रोजावर काम करतो. विश्रांती या गोड शब्दाचा अर्थ त्याच्या घरी पंधरा दिवसांची बुडालेली कमाई असा होतो, हे मी सोयीस्करपणे विसरलो.

आता पुरावा हवा होता. एका अनुभवी गृहस्थाने मोजण्याची रीत सांगितली. टाकी पूर्ण भरायची; पंपाची नळी पहिल्यांदा ‘टक्’ करून आपोआप बंद झाली की तिथेच थांबायचे, वर आणखी ओतायचे नाही. किलोमीटरचा आकडा लिहून घ्यायचा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा ‘टक्’ होईपर्यंत भरायचे. दुसऱ्या वेळी जितके लिटर मावले, त्याने मधल्या किलोमीटरना भागायचे. एका खेपेवर विसंबायचे नाही, निदान दोन-तीन खेपांची सरासरी धरायची.

पंधरा दिवस मी हे निष्ठेने केले. चावी रात्री माझ्या उशाशी असे. पंधराव्या दिवशी भागाकार केला आणि वही मिटून बसलो. उत्तर ११.८ आले होते. चावी माझ्याकडे, गाडी माझ्याकडे, आणि पेट्रोल पूर्वीपेक्षाही अधिक जात होते!

दुसऱ्या दिवशी मी गाडी आमच्या ओळखीच्या वृद्ध मेस्त्रींकडे नेली. सारी हकीकत ऐकून ते म्हणाले, “फादर, एकदम दहा वस्तू बदलू नका. एकेक बघू या, नाहीतर दुखणं कुठलं होतं ते कधीच कळणार नाही.”

प्रथम त्यांनी टायरची हवा पाहिली. गाडी रात्रभर उभी होती, टायर थंड होते. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर ३० पाउंड लिहिलेले. दोन टायरांत २२ निघाली. हवा कमी असली की टायर रस्त्याला अधिक घासतो, पण एवढ्याने चार किलोमीटरची तूट पडत नाही. मग एअर फिल्टर. तो धुळीने काळा झाला होता, आणि मला वाटले सापडले! मेस्त्रींनी मान हलवली. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत फिल्टर चोंदला की पेट्रोल जास्त जाई. इंजेक्शनच्या गाडीत आत आलेल्या हवेच्या मापानेच पेट्रोल सोडले जाते; तिथे फिल्टर चोंदला तर गाडीचा जोर कमी होतो, ॲव्हरेज फारसे पडत नाही. फिल्टर बदलला, पण शोध थांबवला नाही.

नंतर आम्ही सपाट रस्त्यावर गेलो. वेग घेऊन त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. जी दूरवर घरंगळत जायला हवी ती थोडक्यात थांबली. उतरून त्यांनी प्रत्येक चाकाजवळ हात नेला. मागचे डावे चाक चांगलेच तापले होते. जॅक लावून ते फिरवले, तर फिरेना. आमच्या वसईच्या खाऱ्या, दमट हवेत हँडब्रेकची केबल आतून गंजली होती. ब्रेक सोडला तरी तो पुरता सुटतच नव्हता. पाच महिने आम्ही ब्रेक लावूनच गाडी पळवीत होतो.

“हँडब्रेक एवढा जोरात कोण ओढतं?” मेस्त्रींनी विचारले. “पावसाळ्यात गॅरेजमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवावी. रात्र रात्र ब्रेक ओढून ठेवला की तो चिकटतो.”

तो मुलगा संध्याकाळी घरी जातो. रात्रीच्या भेटी आटोपून गाडी गॅरेजमध्ये लावतो तो मी. आणि ब्रेक शेवटच्या दात्यापर्यंत ओढतो तोही मीच.

आणखी एक गोष्ट निघाली. कितीही दूर गेलो तरी तापमानाचा काटा खालीच राहत होता. इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या घरात तो नव्हताच! मे महिन्यात प्रवासात गाडी तापली असताना वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने तो काढून टाकला होता, आणि शेजारी उभा राहून मी होकार दिला होता. इंजिन थंड राहिले की ते नुकतेच सुरू झाले आहे असे समजून गाडीचा संगणक जादा पेट्रोल देत राहतो. त्यात माझ्या फेऱ्या दोन-दोन किलोमीटरच्या.

केबल बदलली, व्हॉल्व्ह बसवला, हवा भरली. पुढच्या तीन खेपांची सरासरी १५.४ आली. उरलेल्या थोड्या तुटीचेही एक कारण आहे. देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. म्हणजे १० वरून २० वर जाताना शंभरात तीन-साडेतीन एवढी ऊर्जा घटते. हिशेब जुळला. त्या हिशेबात चोराला जागाच उरली नव्हती.

मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आई ओट्यावर सुकत घातलेले बोंबील गोळा करीत होती. ती आत निघून गेली. मी सारे सांगितले आणि क्षमा मागितली. दर शनिवारी इतरांच्या क्षमायाचना ऐकणाऱ्या माझ्या तोंडी ते शब्द सहज आले नाहीत. तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, “फादर, गाडी जड चालते हे मी तुम्हांला जुलैतच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नंतर बघू.”

मला आठवले. तो सांगत होता तेव्हा मी फोनवर होतो.

बुडालेला रोज मी त्याला दिला. पण संशय बैठकीत व्यक्त झाला होता, तेव्हा त्याचे निराकरणही बैठकीतच व्हायला हवे होते. नोव्हेंबरच्या बैठकीत मी गंजलेली केबल टेबलावर ठेवली आणि ती कुणी गंजवली हेही सांगितले. ते ज्येष्ठ सभासद दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन त्या मुलाला भेटले.

आता गाडीत एक वही असते. तारीख, किलोमीटर, लिटर, असे रकाने आहेत; शेवटचा रकाना ‘चालकाचे म्हणणे’. काल त्याने तिथे लिहिले होते: ‘पुढे खडखड आवाज येतो.’ मी वही घेऊन लगेच गॅरेजकडे गेलो.