बहिरमची हंडी

२० डिसेंबरला बहिरमची यात्रा लागली की चांदूर बाजारच्या माणसाचे पाय आपोआप सातपुड्याकडे वळतात. यात्रा जानेवारी सरेपर्यंत चालते, त्यामुळे एकदा जाऊन कोणाचंच भागत नाही. यंदा पुन्हा निघालो तो भाच्याला सोबत घेऊन. तो टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. सुट्टीत घरी आला होता आणि आजोबांबरोबर पाहिलेली यात्रा त्याला परत पाहायची होती.

शिरजगाव कसब्याकडच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी संत्र्याच्या बागा लागतात. आंबिया बहार उतरून गेला होता, मृगाची फळं झाडांवर हिरवीपिवळी लोंबत होती. पुढे डोंगर जवळ येतो, हवा गार होते आणि परतवाडा-बैतूल रस्त्यावरची गर्दी दिसू लागते.

आधी टेकडीवर भैरवनाथाचं दर्शन घेतलं. लोणी आणि शेंदराचे थर चढत चढत देवाची मूर्ती अजस्र झाली आहे. पूर्वी या देवापुढे बोकडं कापली जात. ही हत्या थांबावी म्हणून गाडगेबाबा इथे लोकांपुढे उभे राहिले. बाबा याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६चा. आज मटण शिजतं ते खाली मैदानात, देवाच्या पायाशी रक्त सांडत नाही. यात्रेचं हे रूप मला फार मोलाचं वाटतं.

खाली उतरलो आणि बाजारात शिरलो. लोखंडी कढया, तवे, सराटे, विळे, सागवानी पोळपाट, दगडी खलबत्ते, रेवड्या, फुटाणे. भाचा थांबला तो मातीच्या हंड्यांपाशी. कुंभारीणबाईंनी त्याला एकेका हंडीवर टिचकी मारून दाखवली. खणखणीत वाजली ती पक्की भाजलेली, बद्द वाजली तर तडा असणार. "रातभर पाण्यात ठेवजा, मंग तेलाचा हात द्या. पह्यल्या दिवशी नुसतं पाणी उकळा, मटण नोका टाकू," त्यांनी बजावलं. त्याने मधल्या आकाराची हंडी घेतली आणि दिवसभर ती काखेतून खाली ठेवली नाही.

पूर्वी बागायतदारांची कुटुंबं बैलगाड्या जुंपून यायची, राहुट्या ठोकायची आणि मुक्काम करायची. आता बहुतेक लोक दिवसभरात येऊन जातात. मैदानात चुली मात्र तशाच पेटलेल्या असतात. आम्ही एका चुलीपाशी बसलो. हंडीचं तोंड कणकेनं लिंपून बंद केलेलं होतं, बाजूला गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजत होते. भाच्याने दोनदा विचारल्यावर चुलीवरची बाई म्हणाली, "भाऊ, हंडीले तिचा येळ लागते." झाकण निघालं तेव्हा खोबरं, खसखस आणि खड्या मसाल्याचा वास आजूबाजूच्या चार चुलींपर्यंत गेला असेल. मातीत मटण आपल्याच रसात शिजतं, हाडापासून सुटतं पण विरघळत नाही. वर तर्री लालभडक. गरम रोडगा हातानं कुस्करायचा, तूप सोडायचं आणि त्यावर रस्सा. या जेवणाला ताट लागत नाही, पत्रावळच हवी.

जेवताना भाचा साकेबद्दल बोलत होता. तांदळाचे दाणे घासून वरचा थर काढतात, त्यावर कोजी नावाची बुरशी वाढवतात आणि थंडीच्या दिवसांत ते आंबवतात. नवी साके तयार झाली की भट्टीच्या दारावर सुगी नावाच्या जपानी झाडाच्या हिरव्या पानांचा गोळा टांगतात. तो हळूहळू तपकिरी पडतो, त्यावरून साके किती मुरली ते गिऱ्हाइकाला कळतं. २०२४च्या डिसेंबरात युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

मग त्याने विचारलं, "मामा, या डोंगराचं पेय कोणतं?"

उत्तर समोरच होतं. मेळघाटातून आणि बैतूलकडून आलेली कोरकू कुटुंबं मैदानभर फिरत होती. त्यांच्या जन्माला, लग्नाला, मरणाला मोहाची दारू लागते, देवालाही तिचीच धार वाहतात. होळीच्या सुमारास पहाटे गळणारी फुलं बायका वेचतात, वाळवतात, आंबवतात आणि मडक्यातून गाळतात. या कामालाही हात तयार व्हावा लागतो, ऋतू सांभाळावा लागतो. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली ती चोरून गाळलेली हातभट्टीच ठरते. फुलांवरचे निर्बंध २०२१मध्ये सैल झाले, घरी गाळलेल्या दारूवरचे नाही. सीमा इथून अगदी जवळ आहे आणि पलीकडे मध्य प्रदेशाने आदिवासींच्या मोहाला वारशाचं मद्य म्हणून परवाना देण्याचं त्याच वर्षी जाहीर केलं.

दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मी आमच्या तालुक्यात पाहिली आहेत, त्यामुळे हे हलक्या मनाने लिहीत नाही. तरीही तपासलेली, मोजून विकलेली, जिचा पैसा थेट कोरकू बायकांच्या हाती जाईल अशी मोहाची दारू बहिरमला उघडपणे मिळायला हवी. आज तिच्या जागी बाटलीबंद विदेशी मद्य लोक लपवून आणतात आणि त्यातला एक पैसाही या डोंगरात राहत नाही.

त्या दिवशी आम्ही उसाचा रस प्यायलो. निघताना एका कोरकू आजीकडे वाळलेली मोहफुलं मिळाली, त्यांचे गुलगुले करायचं ठरलं. भाच्याने त्यातली मूठभर वेगळी बांधून घेतली, निशी-कासाईच्या मित्रांना चव दाखवायला.