काळोख कोठून आणायचा?

प्रोजेक्टर घेणारा मनुष्य प्रकाश विकत घेतो, असा सर्वसाधारण समज आहे आणि दुकानदार तो आनंदाने जोपासतात. खोक्यावर 'इतके हजार ल्यूमेन' असे ठळक छापलेले असते. जितके हजार अधिक, तितके यंत्र थोर. एक साधी गोष्ट मात्र त्या खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. पडद्यावर जे काळे दिसते, ते म्हणजे प्रकाश न पडलेला पडदा. तो जितका अंधारात असेल, तितकेच चित्रातले काळे हे काळे. दिवसाउजेडी 'श्यामची आई' लावून पाहावी. आचार्य अत्र्यांचा हा १९५३ चा कृष्णधवल चित्रपट, पण त्यातला 'कृष्ण' कोठेच सापडत नाही. राखाडी आणि धवल एवढेच उरते. प्रकाश पैसे मोजून मिळतो. काळोख आपल्या घरातून द्यावा लागतो.

आमच्या घरात तो द्यायचा प्रश्न गेल्या पावसाळ्यानंतर उभा राहिला. मी मराठी शिकवते. साहित्यकृती आणि तिचे चित्रपट-रूपांतर हा अभ्यासक्रमातला भाग शिकवताना समोरच्या मुलांपैकी अनेकांनी (यात धडगाव-अक्कलकुव्याकडची मुले पुष्कळ) चित्रपट केवळ मोबाइलच्या तळहाताएवढ्या काचेवर पाहिलेला असतो. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, म्हणजे आमच्या खानदेशातले, हे सांगितल्यावर वर्गात थोडी आपुलकी उमटते. पण दृश्यचौकट, अवकाश, पात्राचे चौकटीतले एकटेपण हे शब्द काचेवरच्या चित्राला चिकटतच नाहीत. आठ-दहा मुलांना रविवारी घरी बोलवावे आणि चित्रपट मोठा दाखवावा, एवढाच माझा हेतू होता. 'होम थिएटर' हा शब्द आमच्या घराला जरा मोठाच होतो.

घर जुने, धाब्याचे. भिंती दीड-दीड हात जाडीच्या मातीच्या, वर लाकडी सर, त्यांवर माती. खोली उपलब्ध होती ती एकच, चौदा फूट लांब आणि अकरा फूट रुंद. आणि ती सासूबाईंची. गुडघ्यांमुळे त्यांचे बाहेर जाणे जवळजवळ थांबले आहे. पूर्वेच्या अरुंद भिंतीतली गजांची खिडकी हेच त्यांचे गाव. कोणाच्या दारात रिक्षा थांबली, कोणाकडे पाहुणे आले, मिरचीची पोती कधी गेली, हे सारे त्यांना त्या खिडकीतून कळते. खोलीत अंधार करावा लागेल, असे मी सांगितले तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. "म्हणजे खिडकी कायमनी बंद का?" एवढेच त्यांनी अहिराणीत विचारले आणि उत्तराची वाट न पाहता गवार निवडू लागल्या.

ज्या घरात सून मागते आणि सासू नाही म्हणत नाही, त्या घरात मागण्याआधी फार विचार करावा लागतो. म्हणून यंत्राची चौकशी मी थांबवली आणि आधी खोली मोजली. हाच क्रम योग्य आहे, असे माझे मत आहे. बहुतेक लोक यंत्र आणतात आणि मग त्याला जागा शोधत घरभर फिरतात.

हिशेब अवघड नाही. यंत्रापासून पडद्यापर्यंतच्या अंतराला चित्राच्या रुंदीने भागले की जो आकडा येतो, तो यंत्राच्या भिंगाचा स्वभाव असतो. शंभर इंची चित्र, म्हणजे कर्ण शंभर इंच, हे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट एक इंच उंच असते. सव्वा गुणोत्तराच्या यंत्राला त्यासाठी नऊ फूट अंतर लागते. माझ्या खोलीत नऊ फुटांवर काय आहे? वर एक सर आहे आणि खाली बसणाऱ्यांची डोकी.

सराला यंत्र टांगावे, असे सर्वांनीच सुचवले. मी नकार दिला. धाब्याच्या छतातून माती झडते. ती भिंगावर आणि पंख्याच्या तोंडावर बसणार. उन्हाळ्यात आम्ही त्याच छतावर झोपतो, पापड वाळवतो. वर कोणी चालले की सर किंचित हलतो. फूटभर लांबीचे यंत्र एका टोकाला एक मिलिमीटर जरी हलले, तरी नऊ फुटांवरचे चित्र सुमारे नऊ मिलिमीटर उडी मारते. शिवाय उष्ण हवा वर जमते. बहुतेक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात चाळीस अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली असते, काहींत पस्तीसच. आमच्याकडे मे महिन्यात चाळीस हा आकडा कोणी बोलूनही दाखवत नाही.

मागच्या भिंतीत दिव्याची देवळी आहे. सासूबाईंनी आपणहून ती सुचवली. "दिवाच ना तो," असे त्या म्हणाल्या. कल्पना सुंदर होती आणि मला मोह झाला. पण ह्या दिव्याला गरम श्वास सोडायला बाजूंनी मोकळी जागा हवी असते. मातीच्या कोनाड्यात तो स्वतःच्याच उष्णतेत घुसमटला असता. शेवटी देवळीच्या वर, साडेसहा फुटांवर, मागच्या भिंतीला सागाची फळी ठोकली. मागे हवेसाठी जागा सोडून भिंग पडद्यापासून बारा फुटांवर आले. बारा भागिले सव्वासात, म्हणजे साधारण एक पूर्णांक पासष्ट.

ह्या आकड्याने अर्धा बाजार आपोआप बाद केला. स्वतःच चौकट सरळ करून घेणारी नवी चिमुकली यंत्रे बाद झाली; तिरके चित्र ती संगणकीय युक्तीने सरळ करतात, म्हणजे कडेचे चित्रबिंदू वाया घालवतात आणि चित्र थोडे मऊ पडते. पडद्याखाली स्टुलावर ठेवायची, दोन फुटांतून चित्र फेकणारी यंत्रे आमच्या ऐपतीबाहेरची. मी मोठ्या झूमचे, भिंग वर-खाली सरकवता येणारे, वापरलेले जुने यंत्र घेतले. ल्यूमेनचा आकडा मध्यम, पण एएनएसआय पद्धतीने मोजलेला. पूर्ण अंधारात शंभर इंची पडद्याला खरे पाचशे ल्यूमेनही चित्रपटगृहाच्या जवळपासचा उजेड देतात. स्वस्त खोक्यांवरचे नऊ-दहा हजार कोणत्या मापाने मोजतात, ते देव जाणे. यंत्र दिव्याचे असल्याने इन्व्हर्टर जोडला. वीज अचानक गेली आणि पंखा थांबला, तर तापलेल्या दिव्याचे आयुष्य घटते, आणि भारनियमनाच्या वर्षांची आठवण आमच्याकडे अजून ताजी आहे.

येथे थोडे विषयांतर. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेवर रंगवलेली चित्रे पडद्यावर दाखवली आणि त्या खेळाला 'शांबरिक खरोलिका' असे भारदस्त नाव दिले. पुढे यात्रांमधून तंबूतला सिनेमा आला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट (२०१६) अशाच महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजांवर आहे. त्यात यंत्र ट्रकमध्ये असते आणि प्रकाशाचा झोत तेथून तंबूत शिरतो. ही मांडणी मला फार शहाणपणाची वाटते. आवाज आणि उष्णता बाहेर, चित्र आत; आणि खेळ मुख्यत्वे सूर्य मावळल्यावर. काळोखाची तजवीज रात्र करते.

आमचा प्रश्न सुटला तो ह्याच विचाराने. पडद्यासमोरच्या भिंतीत खिडकी असेल, तर तिचा उजेड थेट चित्रावर पडतो आणि चित्र धुऊन निघते. माझ्या मनात पडदा पश्चिमेच्या कोऱ्या भिंतीवर होता, म्हणून खिडकी शत्रू ठरत होती. सगळी खोली मी उलटी फिरवली. यंत्र पश्चिमेला आणि पडदा पूर्वेला, खिडकीच्याच भिंतीवर, वर गुंडाळला जाणारा. दिवसभर तो नळकांडे होऊन चौकटीच्या वर पडून राहतो आणि खिडकी सासूबाईंची असते. संध्याकाळी झडप लावून पडदा खाली ओढला की तीच जागा चित्रपटाची. जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या आधीच. त्यामुळे रविवारचे खेळ ऋतूप्रमाणे सरकतात. पडदा मागून काळ्या अस्तराचा घेतला, कारण गल्लीतल्या खांबावरचा दिवा झडपेच्या फटीतून नेमका मध्यभागी उमटला असता.

बाजूच्या भिंती चुन्याच्या, पांढऱ्याशुभ्र. पडद्यावरचा प्रकाश त्या झेलतात आणि परत पडद्यावर उधळतात. चित्रातला काळोख पुन्हा राखाडी होतो. त्या गडद रंगवाव्यात, हे मी बोललेसुद्धा नाही. पडद्यालगतचे चार-चार फूट झाकले तरी पुष्कळ फरक पडतो. सासूबाईंच्या ट्रंकेतली दोन जुनी गडद निळी लुगडी दोरीवर टांगली. ती त्यांनीच काढून दिली, नेसवत नाहीत म्हणाल्या.

पहिल्या रविवारी नऊ मुले आली आणि गल्लीतली चार, न बोलावलेली. सासूबाई आपल्या खाटेवर, फळीच्या खाली बसल्या होत्या. पंख्याची घरघर त्यांच्या डोक्यावर. चित्रपट संपल्यावर मुले रूपांतरावर काही बोलतील म्हणून मी वही घेऊन बसले होते. ती गप्प होती. सासूबाईंनी मात्र पडदा वर जायच्या आत झडप उघडायला सांगितली. शेजारच्या दारात मोटारसायकल थांबल्याचा आवाज त्यांनी मघाशीच ऐकला होता.