शिक्क्याबाहेरची नक्षीकार

चिनी मातीच्या भांड्यांचा अभ्यास करणारा माणूस बशी हाती आली की आधी ती उलटी करतो. बुडावरच्या शिक्क्यात कारखान्याचे नाव असते, गाव असते, कधी नक्षीचेही नाव असते. नक्षी काढणाऱ्याचे बहुधा नसते. इंग्लंडच्या क्लॅरिस क्लिफ आणि सुझी कूपर यांची नावे शिक्क्यात होती, म्हणून त्यांच्या नोंदी कोशात घ्याव्यात का, असे आज कोणी विचारत नाही. कोशाच्या नोंदी तपासताना मी अडतो तो शिक्क्याबाहेर राहिलेल्यांपाशी.

एनिड सीनी हे त्यातले एक नाव. स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या रिजवे पॉटरीजसाठी १९५०च्या दशकात त्यांनी ‘होममेकर’ ही नक्षी रेखाटली. पांढऱ्या बशीवर काळ्या रेघांत त्या काळच्या नव्या घरातले सामान: फर्निचरचे रचनाकार रॉबिन डे यांच्या धर्तीची आरामखुर्ची, बूमरँगच्या आकाराचे टेबल, दिवे, बारीक पायांवर उभी कुंडी. घाट टॉम अर्नल्ड यांचा, नक्षी सीनींची. वूलवर्थच्या दुकानांतून ही भांडी स्वस्तात विकली गेली आणि बेताच्या मिळकतीच्या घरांत पोचली. ती बाजारात येण्याआधीच सीनींनी लग्न ठरल्यावर नोकरी सोडली होती.

या नक्षीचे मोल कळायला थोडे मागे जावे लागते. दुसऱ्या महायुद्धापासून थेट १९५२पर्यंत ब्रिटनमध्ये घरच्या ग्राहकाला नक्षीदार भांडी विकण्यावर निर्बंध होते. सजवलेला माल निर्यातीसाठी राखलेला. दहा वर्षे कोऱ्या पांढऱ्या बशीत जेवलेल्या लोकांपुढे मग एकदम नक्षी आली. त्याच सुमारास मरे-कर्वेक्स नावाचे छपाईयंत्रही आले. कोरलेल्या पत्र्यावरची शाई जिलेटिनचा मऊ गोळा उचलतो आणि बशीवर दाबतो. सपाट बशीला हे उत्तम, उभ्या कपाला अवघड. होममेकरच्या बशीवर भरगच्च नक्षी आणि कप मात्र बाहेरून नुसता काळा, ही जोडी त्यामुळे मला फार बोलकी वाटते. एका रंगात, यंत्राला पेलेल अशा रेघेत, थोड्या पैशांत संसार मांडणाऱ्याला हवेहवेसे वाटेल असे चित्र काढणे हे अस्सल नक्षीकाराचे काम आहे, आणि ते सीनींनी केले.

तरी काम चांगले आहे एवढ्यावर कोशात नोंद होत नाही. खप मोठा होता, एवढ्यावरही नाही. लिलावाच्या याद्या, विक्रेत्यांची वर्णने, संग्राहकांची दरपत्रके मी बाजूला ठेवतो. वस्तू विकायची असणाऱ्याच्या शब्दावर चरित्र उभे करता येत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होममेकर आहे, ही बाब वजनदार खरी, पण संग्रहालयाने निवडली ती वस्तू. इथे सहकाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो: एकच नक्षी गाजली, तर नोंद नक्षीची घ्या, बाईंची कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि अनेक नावे मी याच कारणाने परत पाठवली आहेत. सीनींच्या बाबतीत मात्र सायमन मॉस यांचे १९९७चे पुस्तक आहे. त्यांनी नक्षीबरोबर ती काढणाऱ्या सीनींचाही माग घेतला. होममेकरच्या आधीचे कोपलंड-स्पोड कारखान्यातले सीनींचे काम, रिजवेतली नोकरी, असा व्यक्तीचा पट मिळतो. नोंद घ्यावी, असे माझे मत आहे. लहान घ्यावी. नाव पुसले गेल्याचे त्यांना काय वाटले असेल, याच्या कल्पना त्यात भरू नयेत.

हीच कसोटी मुंबईच्या मातीकामाला लावली की मन खट्टू होते. सर ज. जी. कलाशाळेतले जॉर्ज टेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मातीकाम सुरू केले. ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ हे त्यांचेच. त्याच कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थी १८७२पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्या आकृती मुंबईच्या फुलदाण्यांवर उतरल्या, जोडीला सिंधच्या निळ्या-हिरव्या झिलईची परंपरा आली. टेरींचे नाव टिकले. कुंचला ज्यांच्या हातात होता त्यांच्याविषयी, एखाद्याची स्वतंत्र नोंद उभी राहील इतके, मला कुठे वाचायला मिळालेले नाही. अशा वेळी मी नोंद कार्यशाळेची घेतो आणि पहिल्याच परिच्छेदात लिहायला लावतो की ही भांडी विद्यार्थ्यांनी व कारागिरांनी रंगवली. ‘टेरी यांच्या फुलदाण्या’ असा शब्दप्रयोग मजकुरात आला की मी तो खोडतो.

जुन्या मुंबईकर घरांत कलाशाळेची प्रशस्तिपत्रे, प्रदर्शनांच्या छापील याद्या, बक्षिसाचे कागद अजून असू शकतात. त्यांत मातीकाम करणाऱ्याचे नाव सापडले तर तो कागद आधी एखाद्या अभ्यासकाला दाखवा, त्यावर त्याला सविस्तर लिहू द्या. त्यानंतर कोशात स्वतंत्र नोंदीसाठी मी स्वतः भांडेन.